पानवलच्या पुलाची उंची छायाचित्रात आणताना

रत्नागिरी आणि निवसर या स्थानकांदरम्यान कोकण रेल्वे पानवल नदीची दरी ज्या पुलावरून ओलांडते, तो 424 मीटर लांब आणि 64 मीटर उंच आहे. बांधला गेला तेव्हा तो देशातला सर्वांत उंच रेल्वे पूल होता. त्याची माझ्या पाहण्यात आलेली बहुतेक छायाचित्रे खांबाच्या पायथ्याशी उभे राहून, कॅमेरा आकाशाकडे वळवून काढलेली आहेत. त्यांत भव्यता येते हे खरे. पण पूल इतका उंच का बांधावा लागला, हे त्यांतून कळत नाही, आणि मला छायाचित्रात नेमके तेच हवे असते.

या उंचीचे कारण रुळांच्या चढात आहे. 1990 मध्ये ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली कोकण रेल्वे महामंडळाचे काम सुरू झाले, तेव्हा हा मार्ग ताशी 160 किलोमीटर वेगाच्या दृष्टीने आखण्यात आला आणि चढ 1:150 पेक्षा, म्हणजे 150 मीटर अंतरात 1 मीटरपेक्षा, तीव्र असू नये, असे ठरले. बोरघाटात आणि थळघाटात हेच प्रमाण 1:37 आहे, म्हणून तिथे गाडीला जादा इंजिने जोडावी लागतात. 1:150 या प्रमाणाने 64 मीटर खाली उतरायचे तर साडेनऊ किलोमीटरांहून लांब उतार लागला असता आणि पलीकडे पुन्हा तेवढाच चढ. त्यामुळे डोंगर आला की बोगदा आणि दरी आली की पूल, एवढाच मार्ग अभियंत्यांपुढे उरला.

बांधणीची पद्धत तर उंचीहूनही रंजक आहे. एवढ्या खोल दरीत तळापासून परांची उभारून वर काँक्रीट ओतणे अवघड होते. म्हणून पोकळ खांब आधी उभे केले गेले, आणि त्यांवरचा बॉक्स गर्डर, म्हणजे रूळ पेलणारी पेटीसारखी पोकळ तुळई, दरीच्या काठावर तुकड्या-तुकड्याने ओतून, हायड्रॉलिक जॅकच्या साहाय्याने एका खांबावरून दुसऱ्या खांबाकडे पुढे सरकवण्यात आला. पुढच्या खांबाचा आधार लवकर मिळावा आणि अधांतरी टोकाचा भार कमी राहावा, यासाठी अशा गर्डरच्या तोंडाशी वजनाला हलके असे पोलादी नाक जोडलेले असते. भारतात ही पद्धत प्रथम इथेच वापरली गेली. तिची एक खूण आजही उघड दिसते. सरकताना गर्डरचा प्रत्येक भाग कधी ना कधी खांबावर टेकतो, म्हणून त्याची जाडी कुठेही बदलत नाही आणि खालची कड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग राहते.

ही कड आणि दरीचे दोन्ही उतार एकाच चौकटीत यायला हवेत, म्हणून मी पायथा सोडून समोरच्या उतारावरून टेलिफोटो लेन्स वापरतो. कॅमेरा समतल ठेवला की खांब वरच्या बाजूला एकमेकांकडे झुकल्यासारखे दिसत नाहीत. पावसाळ्यात राखी काँक्रीट हिरव्या दरीतून छान उठून दिसते, पण ढगाळ आकाश पांढरेफटक पडते. पाऊस ओसरल्यावरची स्वच्छ हवा मला अधिक सोयीची वाटते. प्रमाण कळण्यासाठी पुलावर गाडी असणे जवळजवळ अनिवार्यच आहे. एक डबा साधारण 24 मीटरांचा धरला, तर पुलाची उंची पावणेतीन डब्यांएवढी भरते. वीस डब्यांची गाडी मात्र पुलावर पूर्ण मावतच नाही. इंजिन पलीकडे पोहोचते तेव्हा शेवटचे डबे अलीकडेच असतात, त्यामुळे अख्ख्या गाडीचा हट्ट सोडावा. 2022 मध्ये या मार्गाचे विद्युतीकरण पूर्ण झाल्यापासून विजेचे खांब आणि तारा चौकटीत येतातच; त्या पुसून टाकण्याची काही छायाचित्रकारांची सवय मला पटत नाही, कारण तोही पुलाच्या इतिहासाचाच भाग आहे.

चांगल्या कोनाच्या मोहापायी रुळांवर मात्र जाऊ नये. विनापरवाना तिथे जाणे हा 1989च्या रेल्वे कायद्यानुसार गुन्हा आहे. शिवाय तिथून ना खांब दिसतात, ना गर्डरची ती सलग कड.