चेफालूचा धोबीघाट

पालेर्मोहून आगगाडीने साधारण तासाभरात चेफालूला पोचलो. सिसिलीच्या उत्तर किनाऱ्यावरचं हे गाव, पाठीशी 'ला रोक्का' नावाचा उभा कातळ. आई सोबत होती, म्हणून कातळावर चढायचा बेत सोडला.

कॅथेड्रल पाहिलं. नॉर्मन राजा दुसरा रॉजर याने 1131 मध्ये ते बांधायला घेतलं. आत सोनेरी मोझेकमधला भव्य येशू. त्याच्या हातातल्या उघड्या ग्रंथावर एका पानावर ग्रीक आणि दुसऱ्यावर लॅटिन. दोन भाषांच्या प्रजेला एकाच भिंतीवर जागा देणारा तो राजा मला फार आवडला. स्वतःसाठी त्याने इथे थडगंही करवून ठेवलं होतं, पण पुरला गेला तो पालेर्मोलाच.

पण आई रमली ती मध्ययुगीन धोबीघाटावर. रस्त्यावरून लाव्हाच्या दगडाच्या काळ्या पायऱ्या उतरून खाली जायचं. भिंतीतल्या सिंहमुखांतून चेफालिनो नदीचं पाणी दगडी कुंडांत पडतं आणि तिथून समुद्राकडे जातं. कपडे घासायचे उतरते दगड झिजून गुळगुळीत झालेत. आई वाकली, दगडावरून तळहात फिरवला आणि म्हणाली, "अगं, हा आपल्या कृष्णेच्या घाटावरच्यासारखाच झिजलाय. बायकांचे हात लागलेत याला."

पाणी बर्फासारखं गार होतं. तिने तोंडावर मारलं, पदराने पुसलं आणि बराच वेळ तिथेच बसून राहिली. मीही बसले. परतीची गाडी आम्ही जाऊ दिली.