इंजिन क्रेन आणि आमची शहाबादी फरशी

परवा जीपचं इंजिन पुन्हा उतरवलं. सकाळी नऊला बॉनेट काढलं आणि बाराच्या आत इंजिन स्टँडवर होतं. दोन वर्षांपूर्वी याच कामाला दीड दिवस गेला होता. तेव्हाही क्रेन हीच होती. तिच्यात मधल्या काळात काय काय बदललं ते लिहून ठेवतोय, कारण इंजिन लटकवून क्रेन फरशीवरून हलवायची अडचण घरच्या गॅरेजमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी येतेच.

आमचं गॅरेज म्हणजे घराचा जुना पोर्च, 11 बाय 18 फूट, खाली शहाबादी फरशी. जीप महिंद्रा एमएम 540, त्यात प्यूजोचं 2112 सीसीचं एक्सडीपी 4.90 डिझेल इंजिन. गिअरबॉक्स सोडवून नुसतं इंजिन लटकत्या काट्यावर घेतलं तर 214 किलो भरलं. पूर्वी आप्पा हे काम तिकाटणं (तीन खांबांची घोडी) उभं करून, चेन कप्पी लावून करायचे. एसटीच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य गेलेला माणूस. पण तिकाटण्यात इंजिन वर घेतलं की खालून जीप ढकलून बाहेर काढावी लागते, आणि आमच्या पोर्चमध्ये तेवढी जागाच नाही. म्हणून दोन टनी घडीची क्रेन घेतली: चाकांचे दोन पाय, उभा खांब, त्यावर पुढे आलेला हात म्हणजे बूम, तो उचलायला हायड्रॉलिक जॅक आणि खाली सोडायला जॅकचा वाल्व. भोकं बदलून बूम आखूड-लांब करता येतो.

पहिल्या वेळी इंजिन वर सहज आलं. बंपरवरून काढायचं म्हणून छातीइतकं उंच घेतलं आणि मी क्रेन मागे ओढू लागलो. मूळची चाकं तीन इंची, बिडाची. उजवं पुढचं चाक फरशीच्या दरजेत बसलं आणि क्रेन जागच्या जागी थांबली. इंजिन थांबलं नाही. झोका आधी माझ्याकडे आला, मग जीपकडे गेला, आणि त्या परतीच्या झोक्यात मागची दोन्ही चाकं जमिनीपासून दोन बोटं वर आली. भाचा क्रेनच्या पुढच्या पायाशेजारी उभा होता. आप्पा ओरडले, "पोराला मागं घे! ओढू नगंस आता, वाल्व सोड. हळू सोड!" इंजिन फरशीवर टेकेपर्यंत माझा हात थरथरत होता. त्या दिवशी आम्ही पुढे काम केलं नाही.

रात्री दोन गोष्टी लक्षात आल्या. वजन वर घेणं हे या क्रेनचं सोपं काम आहे, वजन घेऊन चालणं अवघड. आणि मी बूम सगळ्यात लांबच्या भोकावर लावला होता. तिथं स्टिकरवर 500 किलो लिहिलंय, इंजिन 214, मग काळजी कसली, असं मी धरून चाललो होतो. पण लांबच्या भोकावर हुक पुढच्या चाकांच्या अगदी जवळ जातो. वजन स्थिर असेल तर चालतं. झोका आला की तेच वजन चाकांच्या पुढे जातं.

खरं तर मला बूम आणखी फूटभर लांब करायचा होता. त्यासाठी हिशेब मांडला. माझ्या क्रेनवर खांबाच्या पिनपासून आखूड भोकाचा हुक 1 मीटरवर येतो, तिथं क्षमता 2000 किलो. लांब भोकाचा हुक 1.5 मीटरवर. नुसता तरफेचा नियम लावला तर तिथं 1333 किलो चालायला हवेत. स्टिकर म्हणतो 500. म्हणजे जॅकच्या ताकदीवरून हा आकडा ठरलेला नाही. बूमच्या आतली सरकती नळी बाहेरच्या नळीपेक्षा लहान असते, ती वाकायला सोपी, आणि क्रेन पुढे कलंडण्याची भीती वेगळीच. एवढं समजल्यावर बूमला हात लावायचा विचार सोडला. तिथं वेल्डिंग करू नये असं माझं ठाम मत आहे.

चाकं मात्र बदलली. सहा इंची, पीयूची, म्हणजे पॉलियुरेथेन या चिवट प्लास्टिकची. ती पायांखाली थेट लावली असती तर क्रेन तीन-साडेतीन इंच वर गेली असती आणि घडी घालून जिन्याखाली मावली नसती. म्हणून पायांच्या बाहेरच्या बाजूला 10 मिमी प्लेटचे ब्रॅकेट केले आणि चाकं बाजूला घेतली. पायांची उंची होती तीच राहिली आणि क्रेनचा पसारा दोन्हीकडून वाढला. पण चाक बाजूला गेलं की पाय पिळतो. पहिल्याच चाचणीत उजव्या पायाचं टोक आतल्या अंगाला झुकलेलं डोळ्यांना दिसलं. मग दोन्ही टोकांना जोडणारा 75 बाय 40 मिमीचा आडवा लोखंडी चॅनल टाकला, दोन्हीकडे दोन-दोन जास्त ताकदीचे (8.8 ग्रेडचे) बोल्ट. जीप उंच असल्यामुळे तो खालून आरामात जातो. कटिंग आणि ड्रिलिंग घरी केलं, वेल्डिंग उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये करून घेतलं. माझं वेल्डिंग बाकड्याला आणि गेटला ठीक आहे, माणसाच्या पायाशेजारी लटकणाऱ्या वजनाला नाही.

मग सिमेंटची आठ पोती लटकवली, 400 किलो, आखूड भोकावर, जमिनीपासून वीतभर उंच. रात्रभर तशीच ठेवली. सकाळी टेपने मोजलं तर 4 मिमी उतरली होती. मला पटलं. त्याआधी जॅक धक्के देत वर जायचा. वाल्व उघडा ठेवून पंधरा-वीस वेळा पंप मारला, आतली हवा गेली आणि जॅक बिनधक्क्याचा चालू लागला. तेल पाहायचं तर रॅम, म्हणजे जॅकचा वर सरकणारा दांडा, पूर्ण खाली घेऊनच पाहा, आणि कमी असेल तर हायड्रॉलिकच भरा. ब्रेक ऑइलने आतली सीलं फुगून जातात.

साखळीचंही सांगतो. दोन टोकांना बांधून मधून उचलताना साखळी जितकी पसरट तितका तिच्यावर ताण जास्त. जमिनीशी 30 अंशांचा कोन झाला तर प्रत्येक बाजूवर अख्ख्या इंजिनाइतका ताण येतो. मी आता लेव्हलर वापरतो: एक जाड पट्टी, तिच्यावर लेथवर काढलेला चौकोनी आट्यांचा स्क्रू, टोकाला हँडल. साखळ्या जवळजवळ उभ्या राहतात आणि हँडल फिरवलं की इंजिन हवं तसं पुढे-मागे कलतं.

काल संध्याकाळी इंजिन परत बसवलं. फरशीवरून क्रेन ढकलताना मी आपोआप दरजांकडे बघत होतो, चाकं मात्र न अडखळता गेली. वजन अगदी खाली, फरशीपासून चार बोटांवर, आणि जीपजवळ आल्यावरच वर घेतलं. आप्पा खाली वाकून, बॅटरी धरून गिअरबॉक्सच्या शाफ्टकडे बघत होते. "मागनं उचल थोडं. अजून. आता पुलीला पाना लावून जरा फिरव." मी लेव्हलरचं हँडल अर्धा फेरा दिलं, भाच्याने पाना ओढला, आणि शाफ्ट क्लच प्लेटमध्ये सरकल्याचा तो घट्ट, तेलकट आवाज आला.

"आलं," आप्पा म्हणाले. "बोल्ट दे."