ऐकावं मीटरचं, करावं मनाचं

पांढऱ्या भिंतीसमोर पांढरा शर्ट घातलेला माणूस उभा करा आणि कॅमेरा ऑटोवर ठेवून फोटो काढा. भिंत मळकट करडी येईल आणि शर्टही. आता त्याच माणसाला काळे कपडे घालून काळ्या पडद्यासमोर उभं करा. या वेळी पडदा राखाडी दिसेल आणि चेहरा फटफटीत होईल. चेहरा ओळखणारे नवे कॅमेरे थोडं सावरून घेतात, पण कल तोच राहतो.

कॅमेऱ्यात बिघाड नाही. समोर काय आहे हे कॅमेऱ्यातल्या मीटरला, म्हणजे उजेड मोजणाऱ्या यंत्राला, कळतच नाही, तिकडून किती उजेड येतोय एवढंच कळतं. मग ते धरून चालतं की चौकटीतल्या उजेडाची सरासरी मध्यम करडी असावी. ग्रे कार्ड म्हणून मिळतं ते साधारण १८ टक्के प्रकाश परावर्तित करतं, आणि मीटरचं ‘मध्यम’ त्याच्याच आसपासचं असतं. त्यामुळे पांढरं दिसलं की मीटर उजेड कमी करतं आणि काळं दिसलं की वाढवतं. दोन्ही वेळा चुकतं, आणि तेही उलट्या दिशेला.

फोटोग्राफी शिकताना ॲपर्चर (लेन्समधलं छिद्र), शटर (उजेड आत येऊ देण्याचा वेळ) आणि आयएसओ (आलेला उजेड किती उजळवायचा ते) यांचा त्रिकोण आधी पाठ करून घेतला जातो. माझ्या मते क्रम उलटा हवा. त्रिकोण सांगतो की उजेड कमी-जास्त कसा करायचा. पण मुळात किती हवा, हा प्रश्न त्याच्या आधीचा आहे आणि त्याचं उत्तर मीटरकडे नाही.

एक प्रयोग करून बघा. एक पांढरा टॉवेल, एक काळा आणि एक करडा घ्या. तिन्ही एकाच सावलीत, एकसारख्या उजेडात ठेवा. कॅमेरा ॲपर्चर प्रायॉरिटीवर (छिद्र आपण ठरवायचं, शटर कॅमेरा ठरवतो) आणि मीटरिंग स्पॉटवर (फक्त छोट्या ठिपक्यापुरता उजेड मोजणं) ठेवा. एकेक टॉवेल पूर्ण चौकटभर घेऊन तीन फोटो काढा. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे मीटरने ठरवलेला उजेड आपण कमी-जास्त करायची सोय, शून्यावर असेल तर तिन्ही टॉवेल जवळपास सारखेच करडे येतात. आता पांढऱ्यासाठी कॉम्पेन्सेशन +२ स्टॉप करा (स्टॉप म्हणजे काय ते पुढे येतंच), काळ्यासाठी −२ आणि करड्याला हात लावू नका. तिन्ही आपापल्या रंगावर येतील. मग पांढऱ्याला +३ देऊन फोटो मोठा करून बघा. +२ ला टॉवेलची वीण, एकेक धाग्याची गाठ दिसत होती, ती बहुतेक जागी गायब झालेली असेल. काळ्याचंही तसंच होतं, −३ च्या पुढे वीण अंधारात बुडते. नेमका आकडा कॅमेऱ्यानुसार थोडा मागेपुढे होईल, पण आपल्या कॅमेऱ्याचा पल्ला किती हे एकदा कळलं की जन्माचं काम झालं.

ॲन्सल ॲडम्स आणि फ्रेड आर्चर या अमेरिकी छायाचित्रकारांनी १९४० च्या सुमारास मांडलेली झोन पद्धत याच पायावर उभी आहे. तिच्यात काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांचे ० ते १० असे टप्पे पाडलेले असतात. ० म्हणजे गडद काळा, १० म्हणजे कोरा पांढरा आणि मीटर ज्यावर रोखाल ते ५ वर आणून ठेवणार. ते खरं तर कुठे असायला हवं, हे ठरवणारे आपण. दगडी भिंत ४ वर ठेवली तर जड आणि ओलसर वाटते, ६ वर ठेवली तर उन्हात तापलेली. दोन्ही एक्स्पोजर बरोबरच आहेत.

हे ठरवताना कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर विसंबू नका. रात्री स्क्रीन झगझगीत दिसते, म्हणून फोटो उजळ वाटतो आणि घरी येऊन बघावं तर अंधार. कडक उन्हात बरोबर उलटं होतं. हिस्टोग्राम बघा, म्हणजे डावीकडे काळ्यापासून उजवीकडे पांढऱ्यापर्यंत कुठल्या छटा किती आहेत त्याचा आलेख. आलेख उजव्या भिंतीला चिकटून उभा चढला असेल तर तिथला पांढरा उडाला, तो परत येत नाही. मात्र रॉमध्ये (सेन्सरने, म्हणजे उजेड टिपणाऱ्या चिपने, दिलेली कच्ची फाइल) काढत असलात तरी स्क्रीनवरचा हिस्टोग्राम बहुतेक कॅमेऱ्यांत आतल्या जेपेगवरून (कॅमेऱ्यानेच प्रक्रिया करून बनवलेल्या फोटोवरून) काढलेला असतो, त्यामुळे रॉमध्ये थोडी जास्त जागा शिल्लक असते. आणखी एक फसगत लाल फुलांची. एकत्रित हिस्टोग्राम व्यवस्थित दिसतो, पण तांबडा चॅनल (फोटो तांबडा, हिरवा आणि निळा अशा तीन चॅनलचा बनतो) एकटाच उडालेला असतो आणि पाकळी प्लॅस्टिकसारखी सपाट येते. तिन्ही चॅनल वेगळे दाखवणारी सोय बहुतेक कॅमेऱ्यांत असते, ती चालू करून ठेवा.

आता स्टॉप. एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा, बस. शटरमध्ये हे सरळ आहे, १/१२५ सेकंदावरून १/२५० केलं की निम्मा. आयएसओ १०० चा २०० केला की फोटो एका स्टॉपने उजळतो. ॲपर्चरचे आकडे तेवढे विचित्र: १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६. हा आकडा म्हणजे लेन्सची फोकल लेंग्थ (लेन्सवर लिहिलेले मिलिमीटर) भागिले छिद्राचा व्यास. ५० मिमीच्या लेन्सला एफ २ वर २५ मिमीचं छिद्र, एफ ४ वर १२.५ मिमीचं. व्यास निम्मा झाला की क्षेत्रफळ पाव होतं, म्हणून २ वरून ४ ला जाताना एक नव्हे, दोन स्टॉप जातात. आकडा मोठा आणि छिद्र लहान का, हेही त्यातच आलं.

गंमत पुढे आहे. एफ ८ वर १/१२५, एफ २.८ वर १/१००० आणि एफ १६ वर १/३०. आयएसओ तोच असेल तर तिन्ही फोटो तितकेच उजळ येतात. कारंज्यासमोर उभे राहून हे तिन्ही काढा. १/१००० ला एकेक थेंब हवेत गोठलेला दिसेल आणि मागची झाडं धुरकट होऊन बाजूला सरतील. १/३० ला पाण्याच्या रेघा होतील आणि मागचं पान न् पान वाचता येईल. मीटरच्या हिशेबी तिघांत काडीचा फरक नाही. तंत्र आधी शिकू, कला मागाहून बघू असं म्हणणाऱ्यांना हे तीन फोटो शेजारी ठेवून दाखवावेत.

फोटो ‘हलला’ ही तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते, आणि तिच्या पोटात तीन वेगळे आजार असतात. फोटो १०० टक्के मोठा करून बघा. चौकटीतलं सगळंच, अगदी भिंत नि खांबसुद्धा, एकाच दिशेला फरफटलेलं असेल तर हात हलला. भिंत स्वच्छ आहे पण माणूस पुसट आहे, तर माणूस हलला. आणि फरफट कुठेच नाही, पण डोळ्यांऐवजी कान किंवा मागची खुर्ची टोकदार आली आहे, तर फोकस चुकला. तिन्हींवर औषध वेगवेगळं.

हात हलतो त्याला जुना नियम पुरतो: शटरचा छेद फोकल लेंग्थपेक्षा कमी नको. म्हणजे ५० मिमीला किमान १/६० आणि २०० मिमीला १/२५०. सेन्सर लहान, १.५ क्रॉपचा (३५ मिमी फिल्मएवढ्या, म्हणजे ‘फुल फ्रेम’ सेन्सरहून दीडपट छोटा) असेल तर २०० मिमी ही ३०० धरा आणि १/३२० वर जा. लेन्समधलं किंवा बॉडीतलं स्टॅबिलायझेशन यात काही स्टॉपची सवलत देतं, पण ती फक्त तुमच्या हाताला. समोर पळणाऱ्या मुलाला स्टॅबिलायझेशनचा काडीचाही उपयोग नाही. त्याला १/५०० ते १/१००० लागतं आणि चालणाऱ्या माणसाला साधारण १/२५०. तो कॅमेऱ्याच्या दिशेने येत असेल तर थोडं कमी चालतं, आडवा जात असेल तर जास्त हवं.

फोकसचं दुखणं बहुधा मोठ्या ॲपर्चरच्या हौसेतून येतं. फुल फ्रेम कॅमेरा, ५० मिमी लेन्स, एफ १.८ आणि चेहरा दीड मीटरवर असेल तर स्पष्ट पट्टा जेमतेम १० सेंटीमीटरचा, म्हणजे डोळ्याच्या पुढे पाच आणि मागे पाच. शटर अर्धं दाबून फोकस धरला, मग चौकट जुळवायला कॅमेरा वळवला आणि तेवढ्यात समोरचा किंवा आपण जरा पुढे झुकलो, की पट्टा नाकावर किंवा कानावर गेला. म्हणून फोकस पॉइंटच डोळ्यावर सरकवा, कॅमेऱ्यात डोळा ओळखायची सोय असेल तर ती वापरा, आणि एकापाठोपाठ तीन-चार फोटो घ्या. एफ ८ केलं तर हाच पट्टा ४० सेंटीमीटरच्या थोडा वर जातो. दोन माणसं मागेपुढे उभी असतील तर एफ १.८ चा मोह सोडलेलाच बरा.

निसर्गदृश्यात प्रश्न उलटा असतो, जवळचा दगड आणि लांबचा डोंगर दोन्ही हवेत. अशा वेळी एफ २२ वर उडी मारू नका. इतक्या बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो आणि अख्खा फोटो मऊ पडतो. फुल फ्रेमवर २४ मिमी लेन्स एफ ८ ला ठेवून फोकस सुमारे २.४ मीटरवर धरला, तर १.२ मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. फोकस थेट डोंगरावर धरलात तर पुढचा सव्वा मीटर फुकट गेला. पट्ट्याचे हे आकडे मध्यम आकाराच्या प्रिंटला पुरतात. भिंतभर प्रिंट काढायची असेल तर एफ ११ करा.

आयएसओची लोकांनी उगाच धास्ती घेतली आहे. दाणे दिसतात ते मुख्यतः उजेड कमी पडल्यामुळे. आयएसओ ४०० वर अंधारा काढलेला फोटो नंतर संगणकावर तीन स्टॉप उजळला तर तो ३२०० वर नीट काढलेल्या फोटोहून चांगला येत नाही, बऱ्याच कॅमेऱ्यांत वाईटच येतो. दाणे सॉफ्टवेअरने बऱ्यापैकी जातात, हललेला चेहरा कशानेच सुधारत नाही. त्यामुळे आधी शटर आणि ॲपर्चर चित्राच्या गरजेने ठरवा आणि उरलेलं ओझं आयएसओवर टाका. व्हाइट बॅलन्सचा, म्हणजे दिव्याच्या रंगछटेनुसार पांढरा जुळवण्याचा, फार घोळ घालू नका. रॉमध्ये काढा, नंतर बदला. एलईडी किंवा ट्यूबच्या उजेडात आडवे पट्टे दिसू लागले तर मात्र तिथल्या तिथे उपाय हवा. ५० हर्ट्झच्या विजेवर असे दिवे सेकंदाला १०० वेळा मिणमिणतात, म्हणून शटर १/१०० किंवा १/५० ठेवा.

आता उजेडाकडे, कारण चित्र खरं तिथे बनतं. खोलीत एक टेबललॅम्प, एक माणूस आणि पांढरी भिंत असली तरी पुरे. माणूस भिंतीपासून दीड मीटर पुढे बसवा आणि दिवा त्याच्या चेहऱ्यापासून अर्ध्या मीटरवर, समोरून थोडा बाजूला ठेवा. खोलीतले बाकीचे दिवे बंद. भिंत आता दिव्यापासून साधारण दोन मीटरवर आहे, म्हणजे चेहऱ्याच्या चौपट लांब. छोट्या दिव्याचा उजेड अंतराच्या वर्गाने घटतो, त्यामुळे भिंतीवर सोळावा हिस्सा पोहोचतो, चार स्टॉप कमी. चेहरा नीट उजळ ठेवला की पांढरी भिंत जवळजवळ काळी पडते. आता दिवा चेहऱ्यापासून तीन मीटर लांब न्या. भिंत साडेचार मीटरवर, फरक फक्त सव्वा स्टॉपच्या आत, आणि तीच भिंत पुन्हा फिकी दिसू लागते. पार्श्वभूमीचा रंग नुसता दिवा सरकवून बदलता येतो. काळी पार्श्वभूमी मोठी असेल तेव्हा मीटर पुन्हा गडबडेल, तिथे −१ ते −१.५ लागेल किंवा चेहऱ्यावर स्पॉट धरावा लागेल.

उजेडाचा मऊपणा मात्र निराळ्या गोष्टीवर ठरतो: चेहऱ्याच्या जागेवरून बघितलं तर दिवा केवढा दिसतो. लॅम्पसमोर मीटरभर रुंद पांढरं कापड ताणलं की सावलीची कडा विरघळते. तेच कापड चार मीटर लांब नेलं तर चेहऱ्याच्या दृष्टीने ते लहानच झालं, सावली पुन्हा टोकदार. कापड दिव्याला चिकटू देऊ नका, लवकर तापतं.

चेहऱ्याच्या बाबतीत लेन्सला फुकटचं बदनाम केलं जातं. नाक मोठं येतं ते वाइड लेन्समुळे नव्हे, आपण जवळ गेल्यामुळे. कॅमेरा नाकापासून ४० सेंटीमीटरवर असेल तर कान अंदाजे ५२ वर असतो, म्हणून नाक कानाच्या तुलनेत ३० टक्के मोठं दिसतं. दोन मीटरवर गेलात की हा फरक ६ टक्क्यांवर येतो. तेव्हा आधी उभं कुठे राहायचं ते ठरवा, आणि तिथून चौकट भरायला जी लागेल ती लेन्स लावा. झूम फिरवत एकाच जागी उभं राहिल्याने चौकट लहानमोठी होते, वस्तूंचं आपसातलं नातं तसंच राहतं.

चौकट जुळवताना लक्ष मधल्या विषयावर खिळतं आणि घोळ कडांना होतो. डोक्यातून उगवलेला खांब, कोपऱ्यातला अर्धा हात, कडेला कापलेली बोटं. बटण दाबण्याआधी नजर चारही कडांवरून एकदा फिरवा. खांब असेल तर बहुतेक वेळा एक पाऊल बाजूला झालं की सुटतो, गुडघ्यावर बसलात तर डोक्यामागे खांबाऐवजी आकाश येतं. नंतर कापू म्हणाल तर हिशेब ठेवा: २४ मेगापिक्सेलचा ६००० बाय ४००० चा फोटो दोन्ही बाजूंनी निम्मा कापला की ६ मेगापिक्सेल उरतात, आणि ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) त्याची प्रिंट जेमतेम १० बाय ६.७ इंच निघते.