किक सुटण्याच्या आधी

रग्बीच्या त्या सामन्यात मध्यंतराला आम्ही ४-१२ असे मागे होतो आणि त्यांच्या दोन्ही ट्राय आमच्या डाव्या विंगरच्या, म्हणजे डाव्या कडेला खेळणाऱ्याच्या, डोक्यावरून झाल्या होत्या. पोरगा नवीन, वयानं लहान. उंच मारलेला बॉम्ब खाली येताना त्याच्या हातून दोनदा सुटला, दोन्ही वेळा त्यांच्या सेंटरनं चेंडू उचलून लाइनीपलीकडे टेकवला. ड्रेसिंग रूममध्ये तो बूट सोडत बसला होता, जणू आपला सामना संपलाच आहे.

मी रग्बी लीगच्या संघात बचावाचा सहायक कोच आहे. सामना चालू असताना वरच्या खोलीत लॅपटॉपसमोर बसतो आणि मध्यंतराला खाली पळतो. मुख्य कोचनी दारातच विचारलं, "विंगर बदलू का?"

"नको," मी म्हणालो. "त्याला कितीही बदललंत तरी तो चेंडू तसाच येणार. आपण तो येऊच देतोय, तुम्ही हे बघा."

लीगमध्ये संघाला सहा टॅकल मिळतात. सहाव्यांदा अडकलात की चेंडू समोरच्याला द्यावा लागतो, म्हणून पाचव्या टॅकलनंतर बहुतेक वेळा किक होते. सगळे प्रेक्षक आणि बरेचसे खेळाडूही किक हवेत गेली की जागे होतात. मी लॅपटॉपवर त्यांचा पाचवा टॅकल थांबवून दाखवला. त्यांचा फॉरवर्ड दर वेळी मैदानाच्या मधोमध येऊन पडत होता. मधोमध पडला की हाफबॅकला, म्हणजे त्यांच्या किक मारणाऱ्याला, दोन्ही बाजू मोकळ्या. शिवाय तो डावखुरा. चेंडू पायावर तिरका घेऊन मारायचा, त्यामुळे खाली येताना चेंडूला उलटा फिरकीचा झोल बसायचा. उजव्या पायाच्या किकवर सराव केलेल्या पोराला शेवटच्या क्षणी पायच जुळवता येत नव्हते. आणि हे सगळं करायला त्याला वेळ किती मिळत होता? तो चेंडू घेऊन मान वर करायचा, आमचा विंगर कुठे उभा आहे ते बघायचा, मग निवांत मारायचा. आमचा एकही माणूस त्याच्या हाताच्या अंतरावर नव्हता.

ते थांबवलेलं चित्र मी नीट मोठं करून दाखवलं, कारण मला तेवढंच पटवायचं होतं. पोराच्या हातून सुटलेला चेंडू सगळ्यांना दिसतो. त्याच्या पुढे तीस मीटरवर आमचे दोन मार्कर, म्हणजे टॅकल झाल्यावर चेंडूसमोर उभे राहणारे, कमरेवर हात ठेवून उभे आहेत, ते कुणाला दिसत नाही.

कोच मिनिटभर गप्प राहिले. मग म्हणाले, "बोल."

बोलण्यासारख्या तीन गोष्टी होत्या, पण खरं वजन पहिल्या दोनांनाच होतं. पहिली म्हणजे पाचवा टॅकल मधोमध होऊ द्यायचा नाही. त्यांचा धावणारा आत वळला की आतल्या बाजूनं खांदा लावून त्याला टचलाइनकडे, म्हणजे मैदानाच्या कडेच्या रेषेकडे, ढकलायचं. चेंडू कडेला पडला की हाफबॅकसमोर एकीकडे टचलाइन, दुसरीकडे लांब क्रॉस-किक. लांब किक हवेत जास्त वेळ राहते, म्हणजे आमच्या माणसांना पोचायला वेळ मिळतो.

दुसरी गोष्ट, शेवटच्या खेळात पहिल्या मार्करनं पास करणाऱ्याकडे बघायचंच नाही. डमी हाफनं, म्हणजे टॅकलनंतर चेंडू उचलून पास देणाऱ्यानं, चेंडू उचलला की थेट किकरवर, तेही त्याच्या डाव्या पायाच्या बाजूनं. किक सुटल्यावर त्याला आपटायचं नाही, ती पेनल्टी. पण चेंडू हातातून सुटताना समोर छाती दिसली की कोणत्याही पायाचं टायमिंग बिघडतं. आमचा प्रॉप, म्हणजे पुढच्या फळीतला दांडगा फॉरवर्ड, पहिला मार्कर असायचा. त्यानं विचारलं, "तो मला चुकवून आत पळाला तर?"

"पळू दे. तो पळाला म्हणजे किक गेली ना? पुढे तुझी चार माणसं उभी आहेत."

तिसरी गोष्ट मागच्या तिघांची, म्हणजे दोन विंगर आणि सगळ्यात मागच्या फुलबॅकची. आम्ही तिला पेंड्युलम म्हणतो: किक ज्या बाजूला येणार त्या बाजूचा विंगर मागे सरकतो, फुलबॅक तिकडे झुकतो, पलीकडचा विंगर मधली जागा भरतो. अडचण अशी की विंगर लवकर मागे गेला की हाफबॅक किक न मारता चेंडू हातानं बाहेर खेळवतो आणि रिकाम्या कडेनं ट्राय होते. उशिरा गेला, तर मागे टाकलेला चेंडू उसळून टचबाहेर जातो. हाफबॅकनं आपल्या चाळीस मीटर रेषेच्या मागून मारलेला चेंडू टप्पा घेऊन आमच्या वीस मीटर रेषेच्या आत मैदानाबाहेर गेला, तर तो पुन्हा त्यांचाच. म्हणून मी दोघा विंगरांना सांगितलं की चेंडूकडे नका बघू, हाफबॅकच्या हातांकडे बघा. चेंडूची दोन्ही टोकं वर-खाली धरून तो पुढे वाकला तर ग्रबर, जमिनीवरून सरपटत येणार. चेंडू तिरका धरून मागे रेलला की बॉम्ब. तोपर्यंत जागा सोडू नका.

कोपऱ्यात अडकलात तर चेंडू घेऊन पडा, हेही सांगितलं. आमच्या खोलीत २००८ च्या विश्वचषक अंतिम सामन्याची ती क्लिप सगळ्यांनी पाहिलेली आहे: टचबाहेर ढकलला जाणारा ऑस्ट्रेलियाचा फुलबॅक बिली स्लेटर चेंडू आत फेकतो आणि न्यूझीलंडचा बेन्जी मार्शल तो उचलून ट्राय करतो. न्यूझीलंडनं तो सामना ३४-२० जिंकला. इतका मोठा फुलबॅकही कोपऱ्यात सापडला की अशी पाळी येते, म्हणून मी ती क्लिप वारंवार दाखवतो.

दुसऱ्या हाफची सुरुवात काही चांगली झाली नाही. बॉम्ब खाली येत असताना आमच्या सेंटरनं त्यांच्या धावत येणाऱ्याची वाट बदलून अडवली. मागे परतणाऱ्यानं आपल्या रेषेत धावायला हरकत नसते, पण दिशा बदलून आडवं आलं की पेनल्टी. दोन गुण गेले, ४-१४. मला मात्र त्या किकचं बरं वाटलं, कारण ती आखूड पडली होती. प्रॉप तिथवर पोचला होता.

मग आम्ही चेंडू हातात असतानाही त्या हाफबॅकचा विचार सुरू केला. आमचे मोठे फॉरवर्ड मुद्दाम त्याच्या अंगावर धावायला लागले. त्याला टॅकल करावा लागत होता, पडून उठावं लागत होतं, पुन्हा दहा मीटर मागे पळावं लागत होतं. किकरला दमवायची याहून खात्रीची रीत मला माहीत नाही. तो दमला की आधी किकची उंची जाते, मग दिशा. आमची स्वतःची शेवटची किक आम्ही लांब, त्यांच्या कोपऱ्यात टाकत होतो. त्यांचा सेट, म्हणजे सहा टॅकलची पाळी, स्वतःच्या ट्राय-लाइनजवळून सुरू झाला की पाच टॅकलनंतर ते फार तर मैदानाच्या मध्यावर असायचे. तिथून मारलेला बॉम्ब आमच्या इन-गोलमध्ये, म्हणजे ट्राय-लाइनमागच्या जागेत, पोचत नाही.

आमच्या दोन ट्राय आल्या, दोन्हींचं रूपांतर झालं, म्हणजे ट्रायनंतरची जादा गुणांची किकही दोन्ही वेळा साधली. १६-१४.

शेवटच्या मिनिटांत त्यांचा पाचवा टॅकल उजव्या टचलाइनला चिकटून झाला. प्रॉपची जर्सी घामानं अंगाला चिकटलेली, तोंड उघडं, तरी तो मार्करच्या जागेवर सरळ उभा. चेंडू उचलला गेला आणि तो निघाला. हाफबॅकनं अर्धं पाऊल मागे घेतलं, चेंडू पायाच्या बाहेरच्या कडेला लागला आणि टप्पा न पडता थेट टचबाहेर गेला. अशी किक गेली की चेंडू मारला तिथूनच समोरच्याला मिळतो. उरलेला वेळ आम्ही चेंडू सोडलाच नाही.

त्या विंगरनं दुसऱ्या हाफमध्ये आलेले सगळे बॉम्ब झेलले आणि शेवटी लोक त्याच्याच पाठीवर थापा मारत होते. मला त्याचा आनंदच झाला, त्याला सामन्यातून मध्येच काढलं असतं तर ते पोर कितीतरी दिवस सावरलं नसतं. पण आमच्या आकडेवारीच्या तक्त्यात प्रॉपच्या नावापुढे त्या धावांचं काहीच नव्हतं. टॅकल नाही, मीटर नाही. त्या आठवड्यात मी तक्त्यात एक रकाना वाढवला: शेवटच्या खेळात किकरपर्यंत कोण पोचलं, आणि चेंडू सुटण्याआधी की नंतर. सोमवारच्या बैठकीत आता आम्ही तो रकाना आधी वाचतो.