गांधीलमाशी स्वतःची अंडी का घालत नाही?

ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या सोसायट्यांमध्ये डक्टच्या पाइपामागे किंवा खिडकीच्या ग्रिलला कागदासारखं राखाडी पोळं लोंबताना दिसतं. एका बारीक देठावर लटकलेलं, षटकोनी खोल्या उघड्याच. बहुतेक जण आधी फवारा शोधतात. त्याआधी दोन मिनिटं लांबूनच बघा. एकच मादी अंडी घालते. बाकीच्या माद्या अळ्या आणून दुसरीच्या पिल्लांना भरवतात.

याचं ठरलेलं उत्तर म्हणजे ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ हॅमिल्टनचं 1964 चं गणित: नात्याचा अंश गुणिले समोरच्याचा फायदा, हा आपल्या खर्चापेक्षा जास्त भरला तर परोपकार टिकतो. सख्ख्या भावंडांत हा अंश 1/2, चुलत-मावस भावंडांत 1/8. सगळे या नात्यावरच अडून बसतात. पण रोपॅलिडिया मार्जिनाटा या आपल्याकडच्या गांधीलमाशीत राणी, म्हणजे अंडी घालणारी मादी, एकाहून अधिक नरांशी जुगते, राण्याही बदलतात, त्यामुळे नातं पातळच. बंगळुरूचे जीवशास्त्रज्ञ राघवेंद्र गदगकर यांनी बोट ठेवलं ते खर्चावर. अंड्यापासून माशी व्हायला दोनेक महिने लागतात आणि कामकरी मादी बहुधा तेवढी जगतच नाही. एकटीने पोळं मांडलं तर ती मेली की पिल्लंही मेली. मोठ्या पोळ्यात अर्धवट राहिलेलं काम दुसरी पुरं करते. म्हणजे सोडून द्यायचं असं तिच्याकडे फारसं नसतंच. आणि ती काही वांझ नाही. राणी काढून घेतली की काही मिनिटांत एक मादी कमालीची आक्रमक होते आणि आठवडाभरात अंडी घालू लागते. एवढी साधीभोळी सेवा ती नव्हे!

हेच गणित रक्तदानाला लावून बघा. तिथे नातं जवळपास शून्य, तरी रांग लागते, कारण इथेही खर्च फार थोडा. पिशवी 350 किंवा 450 मिलीची. पाण्याचा भाग एक-दोन दिवसांत भरतो, तांबड्या पेशींना काही आठवडे लागतात. म्हणून पुरुषांना 90 आणि स्त्रियांना 120 दिवसांचं अंतर. फायदा मात्र मोठा: थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतं.

घोळ होतो तो तारखांचा. पिशवीतल्या तांबड्या पेशी 35 ते 42 दिवस टिकतात, प्लेटलेट जेमतेम 5. नेत्याच्या वाढदिवसाला ठाण्यात चौकाचौकांत शिबिरं, आणि मे महिन्यात कॉलेजं बंद, अर्धं शहर गावाला, म्हणून रक्तदाते कमी. मंडळांनी आधी रक्तपेढीला विचारावं की कोणत्या आठवड्यात किती पिशव्या हव्यात, मगच मंडप सांगावा.

आणि मिक्सर, ट्रॉली बॅग वाटू नका. भेटवस्तूसाठी आलेला माणूस कावीळ, ताप लपवतो. एचआयव्ही, कावीळ बी व सी, सिफिलिस, मलेरिया या तपासण्या होतात, पण ताजी लागण त्यांतून निसटू शकते. पैसे घेऊन रक्त देणं 1 जानेवारी 1998 पासून बंद आहे. मिक्सर ही त्याचीच मागच्या दाराने आलेली भावंडं.

चहा-बिस्किटं मात्र हवीतच. चक्कर येते ती बहुधा घाईने उठल्यावर, आणि माणसाला पंधरा मिनिटं खुर्चीत बसवून ठेवायला गरम चहासारखा उपाय नाही.