दर्जा ‘बी’, बिल चौपट: प्लॅनिंग कमिटीपुढे मी का उभी राहिले

इंग्लंडमध्ये एखादं कुटुंब ‘फ्युएल पॉव्हर्टी’त (म्हणजे घर उबदार ठेवण्याचा खर्च न परवडण्याच्या अवस्थेत) आहे की नाही, हे ठरवताना सरकार आधी घराचा दर्जा बघतं. ऊर्जा-कार्यक्षमतेच्या दर्जात (‘ए’ सर्वांत चांगला, ‘जी’ सर्वांत वाईट) ‘डी’ किंवा त्याखालचं अक्षर असेल तरच पुढे उत्पन्नाचा हिशोब होतो. ‘ए’, ‘बी’, ‘सी’ असेल तर विषय तिथेच संपतो, मग हातात बिल कितीही पौंडांचं असो. पश्चिम लंडनमधल्या आमच्या नव्या इमारतीचा दर्जा ‘बी’ आहे. त्यामुळे आमच्या मजल्यावर थंडीत हीटिंग बंद ठेवून बसणारी माणसं सरकारी आकडेवारीत कुठेच नाहीत. शेजारच्या प्लॉटवर नवे टॉवर येणार असं कळलं, तेव्हा तिथे राहायला येणाऱ्यांचं तरी असं होऊ नये म्हणून मी प्लॅनिंगच्या, म्हणजे बांधकाम-परवानगीच्या, भानगडीत पडले. तो अनुभव इथे सविस्तर लिहिते आहे, कारण अशा नव्या इमारतींत आपले बरेच लोक घरं घेत आहेत.

आमच्याकडे फ्लॅटमध्ये बॉयलर नाही. तळघरात एक मोठं प्लांट आहे, तिथून गरम पाण्याचे पाइप सगळ्या मजल्यांवर फिरतात आणि प्रत्येक फ्लॅटच्या कपाटात एक पेटी असते, ती त्या पाण्यातली उष्णता घरात घेते. याला हीट नेटवर्क म्हणतात. वीज किंवा गॅसची कंपनी आवडली नाही तर बदलता येते. इथे पुरवठादार एकच, आणि तो बदलता येत नाही. ऑफजेम या वीज-गॅसच्या सरकारी नियामकाने जानेवारी २०१९ पासून घरगुती वीज आणि गॅसच्या दरांवर कमाल मर्यादा घातली, पण हीट नेटवर्क चालवणारा गॅस घेतो तो व्यावसायिक करारावर, म्हणून ती मर्यादा आम्हाला लागू नव्हती. २०२२ मध्ये युक्रेन युद्धानंतर गॅस भडकला आणि एका पत्राने आमच्या उष्णतेचा दर जवळपास चौपट झाला. सरकारी मदत आली ती नेटवर्क चालवणाऱ्यामार्फत, उशिरा, आणि तीही कुठल्या महिन्याला किती लावली हे बिलावरून समजत नव्हतं.

आमच्या मजल्यावर सांगलीकडच्या एक काकू राहतात. हाउसिंग असोसिएशनचा (परवडणारी घरं भाड्याने देणाऱ्या संस्थेचा) फ्लॅट, पेन्शन क्रेडिटवर, म्हणजे कमी उत्पन्नाच्या वृद्धांना मिळणाऱ्या सरकारी भत्त्यावर, गुजराण. त्या हिवाळ्यात त्या दिवसभर स्वेटरवर शाल घेऊन एकाच खोलीत बसायच्या. पलीकडे एक तरुण आई आहे, लहान मुलगा, युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्नाच्या लोकांचा सरकारी भत्ता). दोघींसाठी मदत शोधायला मी काउन्सिलच्या, म्हणजे इथल्या स्थानिक पालिकेच्या, एनर्जी सल्ला केंद्रात गेले. पहिलाच प्रश्न दर्ज्याचा. ‘बी’ सांगितल्यावर इन्सुलेशनच्या सगळ्या योजना बाद झाल्या. ते एका अर्थाने ठीकच, आमच्या भिंतींना इन्सुलेशन आहेच. पण त्या तरुण आईला दीडशे पौंडांचा वॉर्म होम डिस्काउंट, ही ऊर्जेच्या बिलातली सरकारी सवलतसुद्धा मिळाली नाही. त्या वर्षांत या सवलतीसाठी उत्पन्नाबरोबर घराचा प्रकार, बांधकामाचं वय आणि क्षेत्रफळ यांवरून ‘तापवायला महाग घर’ ठरवत असत. नवा, लहान फ्लॅट त्यात बसत नव्हता. (ही अट २०२५-२६ च्या हिवाळ्यापासून काढली, ते फार बरं झालं.) काकूंना ती सवलत मिळाली, पण विजेच्या बिलात. उष्णतेचं बिल होतं तसंच राहिलं.

मग मी या मोजमापाच्या मुळाशी गेले. संशोधक ब्रेंडा बोर्डमन यांनी १९९१ मध्ये मांडलेला निकष सोपा होता: घर पुरेसं उबदार ठेवायला उत्पन्नाच्या दहा टक्क्यांहून जास्त खर्च लागत असेल तर ती फ्युएल पॉव्हर्टी. पुरेसं म्हणजे बैठकीच्या खोलीत २१ अंश आणि बाकी घरात १८. महत्त्वाचं म्हणजे यात माणूस प्रत्यक्ष किती खर्च करतो ते धरत नाहीत, त्याला किती करावा लागेल ते धरतात; कारण गरीब माणूस हीटिंग बंद ठेवून खर्च कमी दाखवतोच. ही दृष्टी मला फार मोलाची वाटते. काकूंचं त्या हिवाळ्यातलं बिल पाहून कुणी म्हणालं असतं, यांचं तर बरं चाललंय. पुढे प्राध्यापक जॉन हिल्स यांनी २०१२ मध्ये आढावा घेतला, कारण दहा टक्क्यांचा आकडा गॅसच्या भावाबरोबर वरखाली उड्या मारत होता आणि त्यात मोठ्या घरातले सुखवस्तू लोकही येत होते. इंग्लंडने २०१३ मध्ये निकष बदलला आणि २०२१ मध्ये पुन्हा बदलला. आताच्या निकषात दोन अटी आहेत: घराचा दर्जा ‘डी’ किंवा खाली, आणि घरभाडं-हप्ते व ऊर्जेचा खर्च वजा करून उरलेलं उत्पन्न दारिद्र्यरेषेखाली. २०३० पर्यंत अशी जास्तीत जास्त घरं ‘सी’वर न्यायची, हे कायद्याने ठरवलेलं उद्दिष्ट आहे.

व्हिक्टोरियन काळातल्या, भरीव भिंतींच्या, ओल धरणाऱ्या घरांकडे पैसा आधी जावा, याच्याशी मी पूर्ण सहमत आहे. पण भाव चढले तरी हा आकडा फारसा हलत नाही, हे फेब्रुवारी २०२४ च्या सरकारी अहवालात उघड दिसलं. २०२३ साठी फ्युएल पॉव्हर्टीतली कुटुंबं १३ टक्के, म्हणजे आधीच्या वर्षाइतकीच. त्याच अहवालात, घरखर्च वजा जाता उत्पन्नाच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम ऊर्जेवर लागणारी कुटुंबं ३६.४ टक्के, म्हणजे सुमारे ८९ लाख. आमचा मजला या दुसऱ्या आकड्यात असू शकतो, पहिल्यात कधीच नाही.

हे सगळं डोक्यात असतानाच रस्त्यावरच्या खांबावर प्लॅनिंगची नोटीस लागली. इंग्लंडमध्ये दहा किंवा त्याहून जास्त घरांचा प्रकल्प ‘मेजर डेव्हलपमेंट’ धरतात, आणि त्यावर काउन्सिलने तेरा आठवड्यांत निर्णय देणं अपेक्षित असतं. लंडनमध्ये दीडशेहून जास्त घरं असली की अर्ज महापौरांकडेही जातो. हा प्रकल्प शेकडो फ्लॅट्सचा होता. काउन्सिलच्या साइटवर कागदपत्रांचा डोंगर होता: सावल्यांचा अभ्यास, वाहतूक, वारा, झाडं. मी थेट ‘एनर्जी स्टेटमेंट’, म्हणजे इमारतीला ऊर्जा कशी पुरवणार ते सांगणारा अर्जदाराचा कागद, उघडलं. कुणाला असं काही करायचं असेल तर माझा सल्ला तोच, बाकी सगळं नंतर.

२०२१ च्या लंडन प्लॅननुसार (महापौरांच्या शहर-विकास आराखड्यानुसार) मोठ्या प्रकल्पांनी ‘नेट झीरो’ व्हायचं असतं, म्हणजे निव्वळ कार्बन उत्सर्जन शून्यावर आणायचं असतं. आधी ऊर्जेची गरज कमी करा, मग उष्णता कार्यक्षमपणे पुरवा, मग सोलरसारखे स्रोत जोडा आणि शेवटी इमारत वापरात आल्यावर निदान पाच वर्षं प्रत्यक्ष वापराचे आकडे कळवा. इमारतीच्या नियमांपेक्षा किमान ३५ टक्के कार्बन जागेवरच कमी करायचा. उरलेल्याचे पैसे काउन्सिलच्या ऑफसेट फंडात भरायचे. लंडन प्लॅनने सुचवलेला दर आहे टनाला ९५ पौंड, तीस वर्षांसाठी, म्हणजे एका टनामागे २,८५० पौंड. या फंडातून जुन्या घरांना इन्सुलेशन घालता येतं. म्हणजे नव्या टॉवरचा पैसा रस्त्यापलीकडच्या थंड घराला ऊब देऊ शकतो. धोरण म्हणून ही सांगड मला मनापासून आवडते. पण टॉवरमध्ये राहणाऱ्याला ती ऊब किती पौंडांना पडणार?

हा प्रश्न मी पहिल्या पत्रात विचारला. प्लॅनिंग ऑफिसरचं उत्तर सभ्य आणि नकाराचं होतं: बिल हा रहिवासी आणि पुरवठादार यांच्यातला खासगी करार, प्लॅनिंगच्या निर्णयात तो धरता येत नाही. इथे बरेच लोक थांबतात. प्लॅनिंगमध्ये तुमची तक्रार कितीही खरी असली, तरी ती धोरणाच्या एखाद्या ओळीला बांधलेली असावी लागते. ती ओळ मला महापौरांच्या एनर्जी असेसमेंटच्या मार्गदर्शक सूचनांत सापडली. रहिवाशांना ऊर्जेचा खर्च किती येईल याचा अंदाज अर्जदाराने द्यावा आणि चढ्या दरांपासून त्यांचं संरक्षण कसं करणार ते सांगावं, अशी अपेक्षा तिथे लिहिलेली आहे. या प्रकल्पाच्या स्टेटमेंटमध्ये त्यावर एक गुळमुळीत वाक्य होतं, आकडा एकही नाही.

दुसरं पत्र मी त्या कलमाचा हवाला देऊन लिहिलं. शिवाय शेजाऱ्यांना सांगितलं की एकाच मजकुरावर सह्या करू नका, प्रत्येकाने स्वतःचं लिहा. काकू मराठीत सांगत गेल्या, मी इंग्रजीत उतरवलं. त्यांनी आग्रहाने एक गोष्ट घालायला लावली: “अगं, ते जिन्याबाहेरच्या बोळाचं लिही. जुलैत तिथे उभं राहवत नाही, आणि माझ्या खोलीत जानेवारीत कुडकुडायचं.” या वाक्यात सगळं तंत्र आलं. बोळातून जाणारे पाइप नीट गुंडाळलेले नसले की उष्णता वाटेतच गळते, बोळ तापतात आणि त्या गळतीचा खर्च दरात येतो. आम्ही भर उन्हाळ्यात वेगवेगळ्या मजल्यांवर थर्मामीटर ठेवून फोटो काढले. तेच फोटो पुढे सगळ्यात उपयोगी पडले, कारण नव्या टॉवरमध्ये पाइपांची रचना तीच होती.

निर्णय घेणाऱ्या प्लॅनिंग कमिटीच्या बैठकीआधी ऑफिसरचा अहवाल जाहीर होतो. शिफारस मंजुरीची होती, आमच्या पत्रांचा उल्लेख एका परिच्छेदात. बोलण्यासाठी आधी नाव नोंदवावं लागतं आणि तीन मिनिटं मिळतात. मी प्रकल्पाला विरोध केला नाही. लंडनला घरं हवी आहेत आणि त्यातली काही भाड्याची, परवडणारी होती; ती अडवायची माझी इच्छाच नव्हती. मी फक्त अटी मागितल्या. अट कशी असावी याचे सहा निकष राष्ट्रीय प्लॅनिंग धोरणात दिलेले आहेत: ती गरजेची, प्लॅनिंगशी आणि त्या प्रकल्पाशी संबंधित, अंमलात आणता येणारी, नेमकी आणि वाजवी हवी. ‘दर कमी ठेवा’ ही मागणी यात बसत नाही. ‘पाइपांची उष्णता-गळती बांधकामानंतर मोजा आणि काउन्सिलला कळवा’ ही बसते. ‘पहिला रहिवासी येण्याआधी हीट ट्रस्ट किंवा तशाच ग्राहक-संरक्षण योजनेत नोंदणी करा’ ही बसते. ‘फ्लॅट विकताना किंवा भाड्याने देताना अंदाजे दर आणि स्टँडिंग चार्ज (वापर असो वा नसो, भरावा लागणारा ठरावीक आकार) लेखी द्या’ हीसुद्धा.

माझी वेळ संपल्यावर एका कौन्सिलर बाईंनी अर्जदाराच्या माणसाला सरळ विचारलं, युनिटचा दर किती असेल? त्याच्याकडे उत्तर नव्हतं. पुढच्या चर्चेचा सूरच त्या शांततेनंतर बदलला. प्रकल्प मंजूर झाला, पण गळती मोजण्याची अट लागली, आणि ग्राहक-संरक्षण योजनेची नोंदणी सेक्शन १०६ च्या करारात, म्हणजे परवानगीच्या बदल्यात बिल्डर काउन्सिलशी करतो त्या कायदेशीर करारात, घालायची असं ठरलं. लेखी दराची मागणी मात्र फेटाळली गेली. ‘अंमलात आणणं कठीण’ हे कारण दिलं. मला ते पटलेलं नाही. घर विकताना कागदांची एवढी चळत देतात, त्यात आणखी एक पान जड नव्हतं.

कमिटीने मंजुरीचं मत दिलं म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही. महापौरांकडे दुसरी फेरी होते, सेक्शन १०६ वर सह्या होतात, मगच निर्णयपत्र निघतं. यात कित्येक महिने गेले. या काळात गप्प बसू नका. कराराच्या मसुद्यात शब्द सौम्य होतात. आमच्याही मसुद्यात ‘नोंदणी करेल’चं ‘नोंदणीचा प्रयत्न करेल’ झालं होतं. ऑफिसरला ईमेल करून ते पूर्ववत करून घेतलं.

आमच्या स्वतःच्या इमारतीला यातलं काही लागू नाही, तिची परवानगी जुनी. पण एप्रिल २०२५ पासून हीट नेटवर्कच्या तक्रारी एनर्जी ओम्बड्समनकडे, म्हणजे ऊर्जा-ग्राहकांच्या तक्रारी सोडवणाऱ्या स्वतंत्र यंत्रणेकडे, नेता येतात, आणि २०२३ च्या एनर्जी ॲक्टनुसार जानेवारी २०२६ पासून ऑफजेम या क्षेत्राचं नियामक झालं. काकूंची तक्रार मी थर्मामीटरच्या फोटोंसकट पाठवली आहे. २०२५ च्या सुरुवातीला सरकारने फ्युएल पॉव्हर्टीच्या धोरणावर लोकांची मतं मागवली होती, त्यात मोजमापाबद्दलही विचारलं होतं. मी लिहिलं: घराचा दर्जा हवाच, पण हीट नेटवर्कवरच्या कुटुंबांचा प्रत्यक्ष दर धरून त्यांची वेगळी मोजणी करा.

इंग्लंडमध्ये नवा फ्लॅट घेणार असाल, तर बुकिंगची रक्कम भरण्याआधी उष्णतेचा दर, स्टँडिंग चार्ज आणि आधीच्या टप्प्यातल्या एखाद्या रहिवाशाचं जानेवारीचं बिल मागा. काउन्सिलच्या साइटवर त्या प्रकल्पाचा सेक्शन १०६ करार सगळ्यांना खुला असतो. त्यात ‘हीट’ हा शब्द शोधा. प्रकल्प अजून मंजूर झाला नसेल तर नोटीशीवरची शेवटची तारीख बघा आणि त्याआधी पत्र पाठवा.