तुम्ही विचारलंत म्हणून: तलावातली गोगलगाय चांगली की वाईट?

पावसाळा ओसरला, तलाव भरले, पाणी जरा निवळलं की हा प्रश्न येतोच. नागपूरच्या फुटाळा तलावावर सकाळी फिरायला येणारे विचारतात, गोरेवाड्याकडे पक्षी बघायला आलेली पोरं विचारतात. शिंगाड्याच्या बोडीत, म्हणजे छोट्या तळ्यात, कंबरभर पाण्यात उभे असलेले ढिवर भाऊ तर हमखास विचारतात, "मॅडम, यंदा लय गोगलगायी निघाल्या. हे चांगलं हाय का बेकार हाय जी?" मी प्राणिशास्त्र शिकवते आणि विद्यार्थ्यांना घेऊन तलावांवर जाते, म्हणून मला ठाऊक असणार, अशी सगळ्यांची खात्री असते. काठावर उभ्या उभ्या याचं उत्तर पुरं होत नाही. ते इथे देते.

नुसत्या गोगलगायीकडे पाहून काहीच सांगता येत नाही. तिच्या अंगावर कोण बसलंय आणि पोटात कोण वाढतंय, हे बघावं लागतं. गोड्या पाण्यातल्या बिनकण्याच्या जवळजवळ प्रत्येक जिवाची हीच गोष्ट आहे. तो एकटा कधीच नसतो, आणि त्याचे सोबती बदलले की पाण्यातलं त्याचं कामही बदलतं.

आधी गोगलगायीचं मूळ काम बघू. आपल्या तलावांत तीनचार प्रकार सहज सापडतात. लिम्नियाचं कवच पातळ, टोकदार आणि भुरकट असतं. इंडोप्लॅनॉर्बिसचं काळपट आणि चपटं वेटोळं. पायला सगळ्यांत मोठी, तिच्या तोंडाला घट्ट झाकण असतं आणि ती मुग्धबलाक या करकोच्याचं आवडतं खाणं. या गोगलगायी पानांवरचा, दगडांवरचा, शिंगाड्याच्या देठांवरचा शेवाळाचा बुळबुळीत थर खरवडून खातात. तो पचवायला त्यांच्या आतड्यातले जीवाणू हातभार लावतात. पानं साफ राहिली की त्यांना ऊन मिळतं, आणि गोगलगायींची विष्ठा तळाच्या किड्यांना पोसते. इथवर गोगलगाय चांगलीच आहे.

आता तिच्या पोटात शिरू. गायीम्हशींना, शेळ्यांना यकृतकृमी होतो, हे विदर्भातल्या कुठल्याही गोठ्यात सांगावं लागत नाही. जनावर खंगतं, जबड्याखाली पाणी उतरतं, दूध आटतं. आपल्याकडे हा बहुतेक वेळा फॅसिओला जायगँटिका असतो. त्याची अंडी शेणातून पाण्यात जातात, त्यातून निघालेली अळी जेमतेम एक दिवस जगते, आणि तेवढ्यात तिला लिम्निया गटातली गोगलगाय सापडली नाही तर तिचा खेळ संपतो. सापडली, तर एका अळीच्या पोटी शेकडो शेपटीवाल्या अळ्या तयार होऊन बाहेर पडतात, काठच्या गवतावर, धानाच्या पातींवर चिकटून बसतात आणि चाऱ्याबरोबर जनावराच्या पोटात पोचतात.

गोठ्याचं नुकसान सगळ्यांना दिसतं. तलावाचं जे होतं ते दिसत नाही आणि मला तेच फार महत्त्वाचं वाटतं. असल्या कृमीची लागण झालेली गोगलगाय बहुधा वांझ होते. तिने अंड्यांवर खर्च करायची ताकद कृमी स्वतःच्या अळ्यांवर खर्च करतो. म्हणजे बाहेरून ती गोगलगायच दिसते, चालते, खाते, पण तिचं शरीर आता कृमीसाठी राबत असतं. तिचं खरवडणंही बदलतं. अमेरिकेत दुसऱ्या जातीच्या गोगलगायींवर झालेल्या प्रयोगांत, टाकीतल्या लागण झालेल्या गोगलगायींचं प्रमाण वाढवलं तसं दगडावरच्या शेवाळाची घडणच बदललेली दिसली. तितक्याच गोगलगायी, तेच पाणी, फरक फक्त आतल्या कृमीचा.

आणि आता माझा सगळ्यांत लाडका प्राणी. एखादी लिम्निया काचेच्या बशीत घ्या, पाणी स्वच्छ ठेवा आणि भिंगातून तिच्या कवचाच्या कडेला, मानेजवळ नीट बघा. नशीब असेल तर तिथे पांढुरके, पारदर्शक धागे वळवळताना दिसतील, काही मिलिमीटरांचे. हे किटोगॅस्टर लिम्नेई, गांडुळाचे दूरचे नातलग. मागचं टोक गोगलगायीला धरून ठेवायचं आणि पुढचं टोक पाण्यात सोडून इकडेतिकडे चाचपत राहायचं, हा त्यांचा दिवसभराचा उद्योग. जवळून पोहत जाणारी कृमीची अळी तोंडाला लागली की ते ती अख्खी गिळतात. अंग पारदर्शक असल्यामुळे गिळलेली अळी त्यांच्या पोटात स्पष्ट दिसते, कधीकधी शेपटीसकट. गोगलगायीत शिरायला आलेल्या अळ्याही ते खातात आणि तिच्यातून बाहेर पडणाऱ्याही. माझ्या विद्यार्थिनींपैकी जिने हे एकदा पाहिलं तिला पुन्हा गोगलगाय किळसवाणी वाटली नाही.

पण याच जातीचा एक उपप्रकार गोगलगायीच्या मूत्रपिंडात राहतो आणि तिथल्या पेशींवर जगतो. बाहेर बसणारा राखण करतो, आत शिरलेला तिला पोखरतो. बाहेरच्यांची संख्या फार वाढली तरी गोगलगायीची वाढ मंदावू शकते. सोबती चांगला की वाईट, हेसुद्धा जागेवर आणि संख्येवर ठरतं.

सोबत्यामुळे केवढा फरक पडतो, याचं महाराष्ट्रातलं ठळक उदाहरण गिमवीचं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या या गावात 1952 मध्ये माणसाच्या लघवीतून रक्त पाडणाऱ्या शिस्टोसोमा कृमीची लागण आढळली. हा रोग आफ्रिकेतला म्हणून ओळखला जायचा. त्याला आसरा देणारी म्हणून फेरिसिया ही इवलीशी गोड्या पाण्यातली गोगलगाय पुढे आली. या गटातल्या गोगलगायी कितीतरी पाणवठ्यांत निमूट शेवाळ खात असतात. त्यांच्याकडे कोणाचं लक्षही जात नाही.

गोगलगायीवरून मी नेहमी सायक्लॉप्सवर येते, कारण वयस्कर मंडळींना ही गोष्ट लगेच पटते. विहिरीचं पाणी ग्लासात उजेडाकडे धरलं की टिचक्या मारल्यासारखे उडणारे पांढरे ठिपके दिसतात, तो सायक्लॉप्स. एकच डोळा, आणि मादी असेल तर मागे अंड्यांच्या दोन पिशव्या. नारू आठवतोय? पायाला फोड यायचा आणि त्यातून जवळजवळ मीटरभर लांबीचा पांढरा कृमी रोज थोडाथोडा काडीवर गुंडाळून ओढावा लागायचा. त्या कृमीच्या अळ्या वाढायच्या या सायक्लॉप्सच्या पोटात. रोगी पायऱ्यांच्या विहिरीत पाय बुडवायचा, अळ्या पाण्यात सुटायच्या, सायक्लॉप्स त्या खायचा आणि गाव सायक्लॉप्स प्यायचं. महाराष्ट्र नारूच्या राज्यांपैकी एक होता. पायऱ्यांच्या विहिरी बंद करणं, हातपंप बसवणं, पाणी फडक्यातून गाळणं, एवढ्या साध्या उपायांवर तो गेला. देशातला शेवटचा रोगी 1996 मध्ये राजस्थानात सापडला आणि 2000 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचं प्रमाणपत्र दिलं. सायक्लॉप्स मात्र आजही आपल्या विहिरींत आहे. त्याच्या पोटातला पाहुणा गेला आणि नारूपुरता तो निरुपद्रवी झाला.

त्याच्या अंगावरचे सोबती वेगळेच. सायक्लॉप्सचं आणि त्याच्या भाऊबंदांचं कवच कायटिन नावाच्या टणक पदार्थाचं असतं आणि पटकीचा जीवाणू कायटिनला चिकटून राहतो. अशा एका टीचभर जिवावर हजारो जीवाणू बसू शकतात. जीवाणू एकटा असताना कुठल्याही कापडातून आरपार जाईल, पण सायक्लॉप्सवर स्वार होऊन बसला की कापडात अडकतो. बांगलादेशातल्या मतलब भागात जुनी सुती साडी चार पदरी करून पाणी गाळायला बायांना शिकवलं, तेव्हा पटकीचं प्रमाण 48 टक्क्यांनी घटलं. 2003 मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जुनीच साडी का, तर धुऊन धुऊन धाग्यांचे तंतू सुटतात आणि छिद्रं बारीक होतात. आपल्या आज्या घागरीच्या तोंडाला जुनं लुगडं बांधायच्या, त्या रीतीचा मला फार अभिमान वाटतो.

आणि हाच सायक्लॉप्सचा गट डासांच्या नुकत्या निघालेल्या अळ्या फस्त करतो. व्हिएतनाममध्ये मेसोसायक्लॉप्स घराघरांतल्या पाण्याच्या टाक्यांत सोडून कित्येक वस्त्यांतून डेंगीचा डास हटवला गेला. दर पावसाळ्यानंतर डेंगीने हैराण होणाऱ्या नागपूरकरांना आता सांगा, सायक्लॉप्स चांगला की वाईट?

हत्तीपायाचं उदाहरण तर एकात एक दडलेलं आहे. नागपूर, वर्धा, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली हा सगळा पट्टा या रोगाने गाजलेला. नाल्यांच्या घाण पाण्यात क्युलेक्स डासाची अळी वाढते, मोठा झालेला डास हत्तीपायाचा कृमी वाहून नेतो, आणि त्या कृमीच्या शरीरात वोल्बाकिया नावाचा जीवाणू राहतो. या जीवाणूवाचून कृमीला जगता येत नाही, पिल्लंही होत नाहीत. म्हणून डॉक्सिसायक्लीनसारखं जीवाणूंवरचं औषध कृमीला हतबल करतं. क्युलेक्सच्या पोटातही स्वतःचा वेगळा वोल्बाकिया असतो. तो 1924 मध्ये सर्वप्रथम याच डासाच्या जातकुळीत दिसला होता.

नाग नदीच्या काळ्या गाळात लालचुटुक अळ्या आणि ट्यूबीफेक्स नावाचे धाग्यासारखे किडे वळवळताना पाहून लोक नाक मुरडतात. त्यांच्या बिळांमुळे सडलेल्या गाळात प्राणवायू उतरतो आणि पाण्यातलं जादा नत्र वायुरूपाने निघून जायला मदत होते. मात्र त्यांच्या आतड्यात गेलेले जीवाणू नायट्रस ऑक्साइडही सोडतात आणि तो वातावरण तापवतो. शिंपल्यांबद्दल एकच सांगते. लॅमेलिडेन्ससारखा आपल्या तलावांतला शिंपला पाणी गाळून जगतो, पण त्याच्या पिल्लांना सुरुवातीचे दिवस माशाच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटूनच काढावे लागतात. योग्य मासे गेले की म्हातारे शिंपले पुढे बरीच वर्षं दिसत राहतात, मागे पिढी मात्र उरत नाही. आता शिंपले सापडतात म्हणून तलाव ठणठणीत आहे असं धरू नका. लहान शिंपले सापडतात का ते बघा.

मग काय करायचं? गोगलगायी दिसल्या की पाण्यात मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार, टाकायचा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो ऐकला की माझा जीव कळवळतो. मोरचूद कृमी असलेली आणि नसलेली गोगलगाय बघत नाही. किटोगॅस्टर मरतो, शिंपल्यांना झळ बसते, तांबं गाळात साठत जातं, आणि वाचलेल्या गोगलगायी मोकळ्या पाण्यात पुन्हा वाढतात. त्यापेक्षा जनावरं तलावात उतरवू नका, त्यांना वेगळ्या हौदात पाणी पाजा. शेणाचा ओघळ तलावाकडे जाऊ देऊ नका. काठचं गवत ओलं कापून लगेच घालू नका, उन्हात चांगलं वाळवून घाला. जनावरांना जंतनाशक कधी द्यायचं ते पशुवैद्यकांना विचारून ठरवा. कृमीची साखळी शेणापाशी तोडली की गोगलगाय खुशाल राहू दे. गोगलगायींची संख्या आवरायला बदकं पाळता आली तर उत्तमच.

आणि तुमच्या बोडीतली गोगलगाय कुठली आहे हे स्वतः बघायचं असेल तर तेही जमतं. हातात रबरी मोजे घालून पाचसहा गोगलगायी काढा, प्रत्येकीला वेगळ्या काचेच्या ग्लासात थोड्या स्वच्छ पाण्यात ठेवा आणि ग्लास सकाळच्या उजेडात तासदोन तास राहू द्या, कडक उन्हात नको. मग मागे काळा कागद धरून भिंगातून बघा. पाण्यात धूळ स्वतःहून पोहल्यासारखी दिसली तर बहुधा अळ्या सुटल्या आहेत. त्या पाण्यात बोट घालू नका, काही जातींच्या अळ्या माणसाच्या कातडीत शिरून खाज आणतात. ते पाणी परत बोडीत ओतू नका, त्यावर उकळतं पाणी घाला, हात साबणाने धुवा आणि कुठल्या कवचाच्या गोगलगायीतून अळ्या निघाल्या ते लिहून ठेवा. पशुवैद्यक सगळ्यांत आधी तेच विचारतात.